पडद्यावरचा रोहू

इगतपुरीजवळच्या आमच्या धरणात सोडलेलं मत्स्यबीज किती जगलं, हे पाण्याखालच्या कॅमेऱ्याने कळतं का, ते तपासायला एक इंजिनियर त्या हिवाळ्यात दर आठवड्याला यायचे. होडी माझी. मी त्यांना सर म्हणायचो. ते कॅमेरा दोरीने खाली सोडायचे आणि बॅटरीवरचा छोटा टीव्ही मांडीवर घेऊन बसायचे. पडद्यावर नुसतं हिरवं पाणी. "दिसेल, दिसेल," असं स्वतःशीच पुटपुटायचे. माझ्याशी 'डावीकडे घ्या', 'थांबा' यापलीकडे बोलणं नाही.

एका दुपारी ते एकदम ओरडले, "रोहू! अगदी समोर आला!"

मी वळेपर्यंत पडदा पुन्हा रिकामा. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नावं खालीवर केली आणि कोणालाच फोन न लावता परत ठेवून दिला. मग हळूच विचारलं, "भाऊ, तुम्ही पाहिलात ना?"

"पाहिला ना सर. लय मोठा होता."

मग ते बोलतच सुटले. त्याचे खवले कसे चमकले, काचेला त्याने तोंड कसं लावलं. काठ जवळ आला तेव्हा मी वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली. त्यांचं अजून सांगून व्हायचं होतं.