टाचणीबाईंचा थेंब

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंच्या डाव्या हाताची बोटं टोचून टोचून खरबरीत झाली होती. रक्ताचा धडा आला की त्या स्पिरिटच्या दिव्यावर टाचणी धरायच्या आणि स्वतःच्याच बोटात खुपसायच्या. मुलांना टोचणं त्यांना पटत नसे. जरीपटका वस्तीतल्या आमच्या शाळेत त्यांचं नाव पडलं टाचणीबाई. ते त्यांना ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

त्या थेंबापुढे बाई लहान मुलीसारख्या हरखून जात. सूक्ष्मदर्शकात फिकट, गोल, मध्ये दबलेल्या चकत्यांची गर्दी दिसायची. "या पेशीनं स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून दिलं," त्या म्हणायच्या, "कशासाठी? तर प्राणवायू वाहायला जागा हवी. स्वतःपेक्षा अरुंद रक्तनळीतूनही ती अंग मुडपून निघून जाते." ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. वर्गातला पंखा धड फिरत नव्हता, आणि माझ्या आत हे सारं न थांबता चाललेलं!

माझी धाकटी बहीण प्रभा त्याच शाळेत होती. हिवाळा लागला की तिचे सांधे ठणकायचे. आई म्हणायची, कामाचा कंटाळा, दुसरं काय! अंग मोकळं होईल म्हणून ती तिला पहाटेच्या थंडीत नळावर पाठवायची. एकदा बाईंनी प्रभाचे पिवळट डोळे पाहिले. त्या दिवशी त्यांनी प्रथमच दुसऱ्याचं बोट टोचलं. थेंबावर काच ठेवली, आत हवा जाऊ नये म्हणून कडा व्हॅसलीनने बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं.

आई पदर सावरत, सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बराच वेळ उभी राहिली. ती खापा गावाकडच्या शेतांत वाढलेली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"हे तं विळे दिसून राहिले, बाई."

"प्राणवायू सुटला की या पेशी अशा वाकतात. मग बारीक नळ्यांत अडकतात. म्हणून दुखतं."

"म्हंजे इले खरंच दुखते?"

"खरंच दुखतं."

आई तिथंच खाली बसली आणि प्रभाचे गुडघे धरून रडली.

पुढच्या तपासण्या मोठ्या दवाखान्यात झाल्या. आजार जाणारा नव्हता. पण नळावर आता आई जायची, आणि प्रभाच्या उशाशी कोमट पाण्याचा तांब्या असायचा.

बाई वारल्या, त्याही थंडीच्याच दिवसांत. आई प्रभाला शालीत गुंडाळून त्यांच्या घरी घेऊन गेली. तिथं कोणीतरी विचारलं, बाई तुमच्या कोण लागत होत्या?

"कोनीच नाही," आई म्हणाली. "पन माह्या पोरीचं दुखनं बाईनं खरं केलं."