गिरनारच्या वाटेवरचा नैवेद्य

बायको गेल्यावर मी देवाशी मनातून अबोला धरला होता. प्रताप नगरच्या आमच्या घरात दर गुरुवारी दत्ताला नैवेद्य होतो, ते मी सोडलं नाही. पण हात आपले सवयीने चालायचे, मन कोरडंठक्क. वर्षभर तिचं दुखणं काढलं, पारायणं केली, आणि शेवटी रिकामी खाट. घरात मी आणि भुऱ्या. हा कुत्रा तिने भाजीबाजारातून पिल्लू असताना उचलून आणला होता. आता म्हातारा झालेला, तिच्या खाटेखालून उठायला तयार नव्हता. जायच्या आधी ती म्हणाली होती, "मी नसली तरी भुऱ्याले घेऊन गिरनारले जा बरं. त्याले एकटं सोडू नका." तेवढा शब्द पाळायचा म्हणून निघालो. श्रद्धा वगैरे काही उरली नव्हती.

लॉजवाले कुत्र्याला आत घेत नाहीत, म्हणून भाच्याचा तंबू, लहान शेगडी आणि तिच्या डब्यातला रवा जुन्या गाडीत टाकला. दुसरा दिवस गुरुवार होता. धुळ्याच्या पुढे एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर बाभळीखाली तंबू ठोकला, डब्याला टेकवून दत्ताची तसबीर ठेवली आणि शिरा केला. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय शिऱ्याला कोणी बोट लावत नाही. मी पाणी आणायला गाडीपर्यंत गेलो, तेवढ्यात भुऱ्याने वाटीत तोंड घातलं. माझं डोकं सणकलं. हाताला तंबूची काठी लागली, ती त्याच्या पाठीत हाणली. एकदा नाही, दोनदा. वर्षभराचा सगळा राग त्या मुक्या जिवावर निघाला. तो ओरडलादेखील नाही. माझ्याकडे बघितलं आणि लंगडत नाल्याच्या झाडीत शिरला.

मग तसबिरीकडे नजर गेली. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे. जन्मभर त्यांनाही हळदीकुंकू वाहिलं, आणि त्यांच्याच समोर मी काय करून बसलो! भर दुपारी नाला, शेतं, सडक, सगळीकडे हाका मारत फिरलो. प्रत्येक ट्रक गेला की काळजात धस्स व्हायचं. तिचं शेवटचं माणूस म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि तेही मी हाकलून दिलं. उन्हं कलली तेव्हा घसा बसला होता. एका दगडावर बसून, ती गेल्यापासून पहिल्यांदा, मी देवाशी बोललो. म्हटलं, आता माझ्या हातात काही नाही, तूच बघ.

तेवढ्यात कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. पलीकडच्या पडीक रानात मेंढपाळांचा तळ पडला होता. एक म्हातारी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती, आणि तिच्या कुत्र्यांबरोबर फुटक्या परातीतून भुऱ्या जेवत होता. घरची माणसं अजून उपाशी बसलेली. माझी नजर बघून ती म्हणाली, "पहिली भाकर त्यांची. रातभर राखतात ते. मंग आपली."

भुऱ्याच्या पाठीवरचा वळ दाखवून तिने विचारलं, कोणी मारलं? मी म्हणालो, "मीच." तिने एक गरम भाकर माझ्या हातावर ठेवली. भुऱ्या तिच्या मागेच बसून राहिला, हाक मारली तरी येईना. मी पहिला तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ माझा हात हुंगला, मग खाल्लं. मी तिथेच मातीत बसून लहान पोरासारखा रडलो.

ती बाई मेंढपाळच होती, दुसरी कोणी होती असं मी म्हणत नाही. पण मला तिच्या चुलीशी पोचवलं कोणी, हे मी आता विचारत नाही. गिरनारच्या पायथ्याशी बायकोच्या नावाने नमस्कार केला आणि परतलो. यंदा भुऱ्याही गेला. घर अगदी ओस वाटतं. गुरुवारी शिरा झाला की पहिली वाटी फाटकाबाहेर नेतो. गल्लीतलं एक खरजुलं कुत्रं येतं. मारणारा हात हाच होता; त्याच हाताने वाढतो, त्याचं खाऊन होईपर्यंत उभा राहतो, आणि मग आत येऊन देवापुढे पान मांडतो.