आजोबांच्या नावाचा वळू

भिजवलेल्या सरकीचा वास आला की मला सोनाळ्याचा आमचा गोठा आठवतो आणि दारात पदर सावरत उभी असलेली माय दिसते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, मी असेन आठ-नऊ वर्षांची. आजोबा वारले तेव्हा घरच्यांनी त्यांच्या नावानं एक गोऱ्हा सोडला होता. त्याचा आता दांडगा वळू झाला होता. देवाचा म्हणून त्याला कुणी बांधत नसे, मारणं तर पापच. त्या दुपारी घरचे पुरुष वावरात होते आणि आमची कालवड पहिल्यांदाच माजावर आलेली. तिच्या वासानं तो थेट गोठ्यात शिरला. एवढ्या कोवळ्या वयात ती गाभण राहिली असती, तर विताना मेलीच असती. "माय, हाकल ना त्याले!" मी ओरडले. "कशी हाकलू वो? मामाजीच्या नावाचा हाय तो." सासऱ्यांशी ती हयातीत एक शब्द बोलली नव्हती. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, कालवडीचं सरकीचं घमेलं उचललं आणि दोघांच्या मधे उभी राहिली. "मामाजी," ती खाली बघत म्हणाली, "हे खा अन् जा. पोर लहान हाय अजून." घमेलं दाखवत, मागं मागं सरत तिनं त्याला बाहेर नेलं. मी दार लावलं. परतली तेव्हा ती रडत होती. मला वाटलं, भीतीनं. तेराव्या वर्षी तिला झालेलं पहिलं मूल वाचलं नव्हतं, हे मला फार पुढं कळलं. आता मी म्हातारी झाले. वाटतं, तिच्या लग्नाच्या मांडवात एकदा जाता यावं, तिच्यापुढं उभं राहून एवढंच म्हणता यावं, पोर लहान हाय अजून.