हाक मारून पाहिलेली घरं

"वाचवा! अहो, कोणी आहे का? पडलोय मी! मेलो!"

खराडीतल्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, रिकाम्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, गुळगुळीत टाइल्सवर उताणा पडून मी बोंबलत होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. पडलो वगैरे काही नव्हतो. बायकोने सांगितलं म्हणून डोक्याखाली रुमाल अंथरून व्यवस्थित आडवा झालो होतो. ती बाहेर लिफ्टपाशी पर्स पोटाशी धरून समोरच्या तीन बंद दारांकडे बघत उभी होती. फ्लॅट दाखवायला आलेली सेल्सची मुलगी मात्र रडकुंडीला आली होती.

"सर, प्लीज! सर, इथे फॅमिलीज राहतात!"

"तेच बघतोय आम्ही," बाहेरून बायको म्हणाली. "राहतात का."

आता माझ्या आवाजाबद्दल सांगायला हवं. उभी हयात पिंपरीच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या धडधडाटात माणसांना हाका मारण्यात गेली. मी घरात शिंकलो की कोपऱ्यावरच्या रिक्षा आपोआप चालू होतात. एकदा गच्चीवरून भाजीवाल्याला "थांब रे" म्हणालो, तर चौकातली सगळी वाहतूक थांबली. पुण्यात, पिवळ्या दिव्याला! अशा त्या आवाजाचा लगाम मी त्या दिवशी पूर्ण सोडला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, खालच्या जलतरण तलावात लाटा उठल्या असणार, आणि नगर रस्त्यावरच्या एखाद्या बसने तरी बाजूला होऊन रस्ता दिला असणार.

तीनपैकी एकही दार उघडलं नाही.

एका दारामागे कोणीतरी होतं. दारावरच्या भिंगातला उजेड गेला आणि परत आला, असं बायकोने नंतर सांगितलं. दुसऱ्या दारामागे कोणीतरी इंग्रजीत मीटिंग करत होतं, ते माझ्या आवाजाने थांबलं नाही, उलट त्यानेच आवाज चढवला. थोड्या वेळाने सेल्सच्या मुलीचा फोन वाजला. खालून वॉचमन विचारत होता, अकराव्या मजल्यावरून तक्रार आलीय, टीव्ही कमी करता का.

आणि मग लिफ्ट उघडली. एक माणूस धावतपळत बाहेर आला. बायको सांगते की त्या क्षणी तिचे डोळे भरून आले. तो उघड्या दारातून थेट आत आला, बाथरूमच्या उंबऱ्यावर थांबला, आडव्या मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "सर, ओटीपी सांगा."

त्याच्या हातात कोणाची तरी बिर्याणी होती. मजला चुकला होता.

हे सगळं आम्ही का करत होतो? माझी निवृत्ती जवळ आली होती. आमचं सध्याचं घर खाली-वर मिळून एवढं मोठं की, सकाळी वरच्या खोलीत चष्मा विसरलो तर तो आणायला डबा बांधून निघावं लागतं. जिने बायकोच्या गुडघ्यांना झेपेनात. मुलगी परदेशात. ती परत येणार नाही हे तिच्याआधी आम्हाला कळलं होतं. तेव्हा मोठं विकायचं आणि लहान घ्यायचं, इथपर्यंत एकमत होतं. पुढे दोन पक्ष पडले. मला बैठं घर हवं होतं, पुढे हातभर माती, एक कढीलिंबाचं झाड. तिला फ्लॅट हवा होता, लिफ्ट, वॉचमन, भिंतीला भिंत लागून माणसं.

मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही प्रोज-कॉन्स लिहून काढा ना."

बायकोला काही लिहून काढायचं नव्हतं. कार्पेट एरिया, वास्तू, पूर्वेचं दार, यांतलं काही तिने कुठेच विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच होता. तिची थोरली बहीण सिंहगड रस्त्याला फ्लॅटमध्ये एकटी राहायची. बाथरूममध्ये पडली. दाराला दुधाच्या पिशव्या लटकत राहिल्या, त्या पाहून शेवटी दूधवाल्याने दार वाजवलं. तोवर उशीर झाला होता. दिवसकार्याला आलेली शेजारीण पोह्यांची बशी हातात घेऊन आमच्या समोर म्हणाली, "आवाज येत होता हो. पण आम्हाला वाटलं सिरियल चालू आहे."

तेव्हापासून बायको घर बघायला गेली की आधी मला आडवं करते.

आणि माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवलेल्या आहेत. डॉक्टर त्यांना स्टेंट म्हणतात. मी लोकांना सांगतो की एक मर्सिडीजची आहे आणि एक बजाजची, म्हणून चढावर जरा ओढ बसते. पण मागे कोण राहणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. आम्ही फ्लॅट आणि घर, एवढंच बोलायचो.

तर बिर्याणीनंतर फ्लॅट पक्ष पडला आणि माझा पक्ष सत्तेवर आला. पुढच्याच रविवारी मी तिला खराडीच्या पलीकडे, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावात घेऊन गेलो. तिथे एका शेतमालकाने आपल्या रानात ओळीने बैठी घरं बांधली होती. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, बोटांत इतक्या अंगठ्या की नमस्कार करताना हात जुळेनात.

"पाणी हाय, लाईट हाय, रोड मंजूर हाय," ते म्हणाले.

"मंजूर आहे म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हंजे व्हईल."

घर मात्र असं की मी उंबऱ्यातच विरघळलो. पुढे माती. हातभर कसली, वामनाने पाऊल ठेवावं एवढी! मी मनात कढीलिंब लावला, त्याची फोडणीही दिली. शेजारी तशीच घरं, तशीच दारं, तसेच ओटे.

"शेजारी कोण आहेत?" बायको म्हणाली.

"समदी विकली गेलीत, ताई. एक बी शिल्लक न्हाई."

"राहायला कोण आहे?"

मालकांनी एक अंगठी फिरवली. "राहायला अजून कोण आलं न्हाई. इन्व्हेस्टमेंटवाली हायत. पर शेवटच्या घरात आमचा मानूस असतोय की राखनीला. हाक मारा, पळत येईल."

हे ऐकल्याबरोबर मी बूट काढले, रुमाल काढला आणि बाथरूमकडे निघालो. बायकोने हात आडवा घातला.

"तुम्ही नका."

"का?"

"तुमचा आवाज काय, मेलात तरी ऐकू येईल. तुम्ही बाहेर जा. मी ओरडते."

मी आणि मालक शेजारच्या घराच्या ओट्यावर जाऊन उभे राहिलो. राखणीचा माणूस टोकाच्या घरासमोर खाट टाकून बसला होता. तो आम्हाला दिसत होता, आम्ही त्याला दिसत होतो. बायकोने आतून दार लावून घेतलं. खिडक्या ओढून घेतल्याचा आवाज आला. मग शांत झालं.

आम्ही थांबलो. मालक काहीतरी बोलायला लागले, त्यांना मी हाताने गप्प केलं. खाटेवरचा माणूस तंबाखू मळत होता. मला वाटलं, लाजत असेल. बँकेत टोकनचा नंबर विचारायचा म्हटलं तरी जिचा आवाज काउंटरच्या काचेशी पोचेपर्यंत दमतो, ती काय रिकाम्या घरात बोंबलणार? मनाची तयारी करत असेल. म्हटलं, करू दे. मी तिला धीर यावा म्हणून ओट्यावर खाकरलोसुद्धा. त्या खाकरण्याने खाटेवरचा माणूस दचकून उभा राहिला.

दार उघडलं. बायको बाहेर आली, कडी लावली, हात झटकले.

"अगं, तू ओरड तर आधी," मी म्हणालो.

"ओरडले."

"कधी?"

"इतका वेळ काय करत होते मी आत?"

तिचा आवाज खरंच बसला होता. गळ्याच्या शिरा अजून फुगलेल्या होत्या.

मालकांच्या चेहऱ्यावर मात्र अभिमान पसरला. "खिडक्या लई भारी बसवल्यात, ताई. साउंडप्रूफ हायत. रोड झाल्यावर गाड्यांचा तरास नको."

मी आयुष्यात कधी कशाला निरुत्तर झालो नाही. दारात नसलेला हत्तीसुद्धा मी एका वाक्यात विकू शकतो. मी म्हणालो, "म्हणजे काय, ऐकू आलं की मला! स्वच्छ ऐकू आलं. चाचणी होती म्हणून मुद्दाम जागचा हललो नाही."

"हो? काय म्हणाले मी?"

लग्न झाल्यापासून तिने मला एकाच शब्दाने हाक मारलेली आहे. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

"'अहो' म्हणालीस."

"नाही," ती म्हणाली. "अहो म्हटल्यावर कोण येणार? अहो सगळ्यांच्याच घरात असतात. नाव घेतलं मी. आडनावासकट."

मालक दुसरीकडे बघायला लागले.

मंगळागौरीला, बारशाला, कोणाकोणाच्या आग्रहाखातर तिने उखाण्यात माझं नाव घेतलं असेल, तेही पदरात तोंड लपवून. तसं नुसतं, मोठ्याने, मला बोलवायला म्हणून कधीच नाही. आणि ते घेतलं तेव्हा मी एका भिंतीपलीकडे, तोंड त्याच बाजूला करून, कान टवकारून उभा होतो. कान द्यायला मी कमी पडलो असं नाही. मी दिलेच होते.

परतताना नगर रस्त्यावर नेहमीसारखं सगळं अडकलेलं होतं. एरवी मी अशा वेळी गाडीत बसून शेजारच्या गाडीतल्या माणसांचीही करमणूक करतो. ओटीपीवाल्याची गोष्ट तर मी तोवर इतकी वाढवली होती की तिच्यात अग्निशामक दलही येऊन गेलं होतं. पण त्या दिवशी काही केल्या वाढवता येईना. बायकोने पर्समधून खडीसाखर काढली आणि गालात धरली. पुढचा ट्रक हलला, आम्ही हललो, परत थांबलो.

"मग?" मी शेवटी विचारलं. "फ्लॅट की घर?"

तिने खडीसाखर या गालातून त्या गालात नेली.

"हाक दोन्हीकडे सारखीच. पार्किंग जिथे बरं असेल ते घ्या."