नख अडलं नाही

पोस्टिंग डोंगरात होतं. वर्कशॉप डिटॅचमेंट, अठरा माणसं, चोवीस गाड्या. सकाळी साडेपाचला फॉल-इन, सातला टूल-किट उघडायची, संध्याकाळी पाचला मोजून बंद करायची. मी नाईक, व्हेइकल मेकॅनिक, गाव वरसे, तालुका रोहा. दुसरा नाईक दत्ता म्हात्रे, पेणच्या खाडीकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. रायगडचे आम्ही दोघेच. बाकीच्यांना वाटायचं, गाववाले आहेत, गळ्यात गळे असतील. कसले गळे! मी त्याच्यावर जळायचो.

उगाच लपवत नाही. त्याच्या बायकोचं पत्र दर आठवड्याला यायचं, तेही मला खुपायचं. तो हसला की सुभेदारसाहेबसुद्धा हसायचे. मी तीच गोष्ट सांगितली की म्हणायचे, "काम करो." आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते त्याचं नख.

तुम्ही गाड्या चालवता, पण चाकाच्या आत वाकून बघत नाही, म्हणून सांगतो. ब्रेकचं पेडल दाबलं की दोन पॅड एका लोखंडी थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ती थाळी म्हणजे डिस्क. ती रोज थोडी झिजते. पॅड अगदी कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून कड जुन्या जाडीची राहते आणि तिथे बारीक पायरी तयार होते. पायरी मोठी झाली म्हणजे थाळी पातळ झाली. पातळ थाळी लवकर तापते आणि एखाद्या उतारावर तडकते.

दत्ता थाळीवर मधून कडेकडे अंगठ्याचं नख फिरवायचा. मिठागरात लोखंडाला खारं पाणी खातं. त्याचा बाप असंच नख फिरवून किती खाल्लं ते सांगायचा. नख अडलं की दत्ता जाडी मोजायला मायक्रोमीटर लावायचा, आणि मायक्रोमीटर दर वेळी त्याच्याच बाजूने बोलायचा. नाही अडलं तर पुढची गाडी.

त्या वर्षी हवालदाराची एकच जागा होती. तिसरी पट्टी त्याला किंवा मला. वार्षिक इन्स्पेक्शनच्या आधीची तपासणी त्याच्याकडे दिली होती. माझ्याकडची पहिलीच गाडी, आणि सगळ्यांसमोर त्याचं नख अडलं.

"रोहेकर, थाली गेली रे. उतरव."

"चालेल अजून दोन महिने."

"नाय चालनार. उतार बघ कसला हाय."

सुभेदारसाहेब म्हणाले, "म्हात्रे का अंगूठा देखो, सीखो कुछ." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थाळ्या मी बदलल्या. पण मनात गाठ बसली.

पंधरा दिवसांनी माझ्याच दुसऱ्या लाइट व्हेइकलच्या पुढच्या दोन्ही थाळ्या झिजलेल्या निघाल्या. स्टोअरमध्ये नव्या नव्हत्या. कळवलं असतं तर गाडी ऑफ रोड, म्हणजे चालवायला बंद, झाली असती, माझ्या नावावर, इन्स्पेक्शनच्या तोंडावर. पट्टी गेली असती. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थाळ्या उतरवल्या, व्हाइसच्या शिकंज्यात धरल्या आणि कानस घेऊन दोन्हीच्या कडा घासून टाकल्या. पायरी सपाट झाली. वर नवे पॅड बसवले. चाळीस मिनिटं लागली. आयुष्यात इतकी सुबक कानस मी मारलेली नाही.

दत्ताने नख फिरवलं. अडलं नाही. पुन्हा फिरवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"झकास काम केलंस दोस्ता."

त्याने सही केली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! याचं नख फसलं, मी फसवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला एका जवानाच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. खाली हॉस्पिटलला न्यायचं होतं, एकवीस किलोमीटर, सगळा उतार. ड्रायव्हर तापाने पडलेला. दत्ता पुढे आला आणि नेमक्या त्याच गाडीची चावी उचलली.

"ही कशाला? दुसरी ने ना," मी म्हणालो.

"का रे? नवे पॅड हायत, मीच पास केलीय."

कारण सांगायचं तर कानस सांगावी लागली असती. मी तोंड उघडलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी तो गेला.

दोन अठ्ठावीसला रेडिओ वाजला. मी ऑपरेटरच्या बाजूला उभा होतो.

"कंट्रोल, ब्रेक नहीं लग रहा. ओव्हर."

"गिअर नीचे लो. ओव्हर."

"लिया. पेशंट बंधा है. पहाड मेरे साइड है, गाडी पहाड को लगाता हूं. आउट."

ड्रायव्हरची बाजू डोंगराला. गाडी थांबली. मागच्या जवानाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. दत्ता जागेवर गेला.

डाव्या थाळीचे तीन तुकडे झाले होते. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं. मी म्हणालो, "साब, इन्स्पेक्शन में पास थी." शब्द खरा होता. सही दत्ताची होती. त्याच्या तपासणीत कसूर, असं कागदावर आलं. तिसरी पट्टी माझ्या बाहीवर आली.

उजवी थाळी भंगारातून उचलून मी ट्रंकेत ठेवली. का ठेवली, सांगता येत नाही.

रिटायर होऊन खांब गावाजवळ हायवेला गॅरेज टाकलं. डिस्क बदलायला गाडी आली की जोडीच बदलतो, एक कधीच नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, पाइपवर लोंबकळत सोडत नाही, तारेने बांधतो. थाळी बसते तो हब घासून साफ करतो. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी चार वेळा पेडल मारतो. आणि जाडी मोजतो. नखावर विसंबत नाही, कुणाच्याच.

गेल्या महिन्यात दत्ताच्या गावात माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं निघालं. बैठकीत कुणीतरी बोललं, "त्यानेच पास केलेली गाडी, त्याचं नाव कशाला?" माझं नाव मात्र पाहुणा म्हणून पत्रिकेत छापलं होतं. तिथेही मी त्याच्या पुढेच.

मी थाळी फडक्यात गुंडाळली आणि पेणला उतरून त्याच्या घरी गेलो. वहिनी पडवीत सुकट निवडत होत्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कानस, पट्टी, चावी, सगळं.

त्यांनी थाळी मांडीवर घेतली. अंगठ्याचं नख मधून कडेपर्यंत नेलं. मग परत एकदा.

"नाय अडत," त्या म्हणाल्या.

"नाही अडत, वहिनी."

"म्हंजे त्यांचं नख चुकलं नव्हतं. आणि मी येवढी वर्सं त्यांनाच बोल लावला. घाई केली, नीट बघितलं नाय, म्हनून." त्या रडायला लागल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "भावजी, माफी माझ्याकडं नका मागू. फलकासमोर उभं राहून बोला. समद्यांसमोर."

म्हणून मंडळी, आज हे तुमच्यासमोर वाचतोय. माझं नाव पत्रिकेतून खोडा. फलकावर सगळ्यात वर एकच नाव घ्या. नाईक दत्ता म्हात्रे. पेशंट वाचवून गेला. त्याचं नख बरोबर होतं. कानस माझी होती.