बोटांच्या पट्ट्या

आज सकाळी माझी नात सुमी उंबऱ्यात बसून बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळत होती. मी भाकरी थापता थापता बघतच राहिले. व्हॉलीबॉलवर पोट आहे तिचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिनं त्या पट्ट्यांना हात लावला नव्हता. कुणी खेळाचं काढलं की उठून आत जायची.

"डॉक्टरांनी सोडलं का गं खेळायला?"

"सोडलं, आजी. काल पळवून बघितलं, उड्या मारायला लावल्या."

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

ऊसतोडीला मीपण बोटं बांधायचे. पाचटानं कातडी फाटायची, रक्त आलं की लुगड्याची चिंधी गुंडाळायची आन् परत कोयता धरायचा. ही लागायच्या आधीच बांधते. आधी बांधायचं असतं, हे आम्हाला सुचलंच नाही कधी.

"आजी, एवढं टोक दातानं तोड की."

"दात कुठं ठेवलेत देवानं?"

"मग दाबून तरी धर!"

मी पिठाच्या अंगठ्यानं दाबून धरलं, तिनं हिसका देऊन तोडलं. पट्टीवर पीठ राहिलं, ते न झटकताच ती मैदानावर पळाली. दोन्ही पाय सारखे पडत होते.

तव्यावरची भाकरी तेवढी करपली. तीच खाल्ली मी, गोड लागली.