पितृपक्षातली दिवाळी

एका वर्षी आमच्या घरी दिवाळी पितृपक्षात आली.

पंचांगाची यात काही चूक नव्हती. चूक माझी होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टीव्हीवर दिवाळीचे खास कार्यक्रम लागत, आणि ते बघताना मला वाटे, की ही माणसं आत्ता, या क्षणी तिथे फराळ करत आहेत. (मी पदवीधर होतो. आमच्या घराण्यातला पहिला.) दिवाळीत दाखवायचा कार्यक्रम दिवाळीआधी महिनाभर चित्रित करावा लागतो, हे मला नाडकर्णींनी सांगितलं. नाडकर्णी म्हणजे त्या कार्यक्रमाचे निर्माते. ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीने ते आमच्या मुलुंडच्या घरी आले, दोन खोल्या बघितल्या, आईच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "उपनगरातल्या साध्या मराठी कुटुंबाची दिवाळी दाखवायची आहे. तुमचं घर अगदी साधं आहे."

इतका गौरव माझा आजवर कुणी केला नव्हता.

"गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो. कंदील, रांगोळी, फराळ, अभ्यंगस्नान, सगळं तयार ठेवा."

मी हो म्हणून टाकलं. गिरणीत उभं राहून मला शिकवणारे माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. पण गावची शाळा होती, हेडमास्तर होते, "हा मुंबईत जाऊन काय दिवे लावणार" म्हणणारे शेजारी होते. त्या सगळ्यांना मी आता खरोखरच दिवे लावताना दिसणार होतो.

नाडकर्णी जिना उतरले आणि आईने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"बाबू, गुरवारी पंचमी हा."

"बरं मग?"

"तेंची तीथ."

वडिलांचं श्राद्ध त्याच दिवशी!

"म्हाळात कंदील कोण लावता रे?" आई म्हणाली. "तेंका काय वाटात?"

मी नाडकर्णींना फोन करायला खालच्या दुकानात धावलो. गाडी फक्त गुरुवारीच मोकळी होती. नाही जमलं तर ठाण्याचं एक कुटुंब तयार होतं. ठाण्याचं! मी तसाच वर आलो. शेवटी माझ्या बायकोने, शैलाने, तोडगा काढला.

"अहो, अभ्यंगस्नान पहाटेचं असतं आणि श्राद्ध दुपारचं. ते लोक आठला येतील, दहाला जातील. कंदील काढू, घर पुसू, भटजी बाराला येतील. बाबांना कळणारसुद्धा नाही."

आईने वडिलांच्या फोटोकडे बघितलं आणि फोटोचं तोंड भिंतीकडे केलं.

गुरुवारी सकाळी आमच्या गॅलरीत कंदील लागला. समोरच्या गालाभाभी दाराशी आल्या.

"दिवाली आ गयी क्या भाभी? हमको तो किसीने बोला ही नहीं."

शैलाने त्यांना समजावलं. त्यांना किती समजलं कोण जाणे, पण दुपारपर्यंत त्यांच्या गॅलरीतही पणत्या लागल्या होत्या.

आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. गाडी नाही. अकराच्या सुमारास दार वाजलं. मी नव्या झब्ब्यात, तोंडभर हसत दार उघडलं. दारात भटजी.

"आज पाच घरं आहेत, म्हणून लवकर आलो," म्हणत ते आत आले, आणि उंबऱ्यावरच्या "शुभ दीपावली" रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्यांनी चक्क उडी मारली. ते खाली टेकतात न टेकतात तोच मागून नाडकर्णी, कॅमेरावाला आणि दिव्यांची खोकी उचलणारे दोघेजण आत शिरले. भटजींना बघून नाडकर्णी खूश झाले.

"वा, लक्ष्मीपूजनाला भटजीही बोलावलेत?"

"मी श्राद्धाला आलोय," भटजी म्हणाले.

"कुणाच्या?"

"अजून तरी यांच्या वडिलांच्या," भटजी माझ्याकडे बघत म्हणाले.

ठरलं असं, की आधी अभ्यंगस्नानाचं चित्रण उरकायचं. आमच्या मोरीत मी आणि बादली यांपैकी एकच मावत असे, म्हणून चित्रण गच्चीवर. पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, मी उघडाबंब बसलो. शैलाने तेलाची वाटी उचलली, आणि मागून भटजी गरजले, "थांबा! श्राद्ध करणाऱ्याने आज अंगाला तेल लावायचं नाही."

"तेलाशिवाय अभ्यंग कसं दाखवू?" नाडकर्णी म्हणाले. "अंग चमकायला हवं."

"तेल नको. बाकी काय लावायचं ते लावा, पण लवकर लावा."

शैला क्षणभर विचारात पडली आणि खाली पळाली. येताना तिच्या हातात पातेलं होतं.

"काल रव्याच्या लाडवांचा पाक उरलाय. एकतारी आहे. ओघळणार नाही."

मी विरोध करायला तोंड उघडलं, पण समोर कॅमेरा होता, त्यामुळे हसलो. शैलाने लग्नानंतर प्रथमच इतक्या मनापासून माझ्या पाठीला हात लावला. त्या प्रखर दिव्यांखाली मी असा काही चमकलो म्हणता! कॅमेरावाला म्हणाला, "झकास." आता अंगावर पाणी ओतायचा शॉट घ्यायचा, तर फट् असा आवाज झाला आणि सगळ्या बिल्डिंगची वीज गेली. इतक्या दिव्यांचा भार आमच्या साध्या कुटुंबाला झेपला नव्हता.

"फ्यूज बघतो," नाडकर्णी म्हणाले. "तोवर तुमचं उरकून घ्या. पण अंग पुसू नका हं. पुढच्या शॉटला पाठ अशीच दिसली पाहिजे."

मी उठलो. पाटही माझ्याबरोबर उठला.

खाली श्राद्ध सुरू झालं. मी पाकासकट बसलेलो. भटजी मंत्र म्हणत होते, मी माश्या वारत होतो. माझा प्रत्येक हात ते मुद्रा समजून दुरुस्त करत होते. जवळच ताटलीत काळे तीळ होते. निम्म्यावर आलो, आणि फ्यूज दुरुस्त झाला. वीज जाताना पंखा पाचावर फिरत होता हे आम्ही कुणीच लक्षात ठेवलं नव्हतं. तो एकदम सुरू झाला आणि ताटलीतले तीळ उडाले. त्यांतला एकही जमिनीवर पडला नाही.

शैला तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात गेली. आमची मुलगी म्हणाली, "आजी, बाबांचा लाडू झाला."

"हसू नये. आज आजोबांचा दिवस," आई म्हणाली. ती एकटीच हसत नव्हती. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कावळा पानाला शिवल्याशिवाय ती घेणारही नव्हती.

पान गच्चीवर ठेवलं. खीर, वडे, भात, वडिलांच्या आवडीची काळ्या वाटाण्याची उसळ. एक कावळा पाण्याच्या टाकीवर येऊन बसला. त्याने पानाकडे बघितलं, खाली गॅलरीतल्या कंदिलाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. अगदी वडिलांसारखं.

आम्ही थांबलो. भटजी घड्याळ बघू लागले, नाडकर्णी ऊन बघू लागले. आईचा चेहरा उतरत चालला.

"काय तरी सांग तेंका," ती म्हणाली.

मी हात जोडले. "बाबा, आईला नीट सांभाळीन." कावळा ढिम्म. "धाकट्याला नोकरीला लावीन." कावळ्याने पंख साफ केले. "गावचं घर शाकारून घेईन." काही नाही.

"तेंका ह्या दिवाळीचो राग इलो हा," आई म्हणाली. "सांग तेंका. मी टीव्हीत जावचंय नाय म्हणान सांग."

नाडकर्णी कासावीस झाले. "अहो, एवढं करू नका. सगळं फुकट जाईल."

मी आईकडे बघितलं. तिचे ओठ सुकले होते. डोळ्यांसमोरून गावची शाळा गेली, हेडमास्तर गेले, ठाण्याचं ते कुटुंब दात काढून हसत गेलं. मी पानापुढे गुडघे टेकले, जमिनीला डोकं लावलं आणि म्हणालो, "बाबा, मी टीव्हीत..."

पुढचे शब्द मला बोलता आले नाहीत, कारण त्याच क्षणी कावळा खाली उतरला. पानावर नव्हे. माझ्या पाठीवर! आणि त्याने दोन खांद्यांच्या मधोमध चोच मारून पहिला तीळ उचलला.

"शिवलो!" आई ओरडली. "कावळो शिवलो!"

"हलू नका!" कॅमेरावाला ओरडला.

"आई गं!" मी ओरडलो. त्याने दुसरा तीळ उचलला होता.

कावळा पोटभर खाऊन उडाल्यावर प्रश्न आला, की हे चालतं का. सगळ्यांनी भटजींकडे बघितलं. भटजींनी मला भोवती फिरून नीट न्याहाळलं.

"तिळाला शिवला, गोडाला शिवला. विधी पोचला. मला भांडुपला उशीर होतोय."

आई तिथेच गच्चीवर बसून ढसाढसा रडली आणि मग तांब्याभर पाणी प्याली. उरलेलं पाणी नाडकर्णींच्या सांगण्यावरून शैलाने माझ्या डोक्यावर ओतलं. पाठीवर कॅमेरा रोखलेला होता. दिवाळी संपली.

महिन्याभराने खरी दिवाळी जवळ आली. पुढल्या आठवड्याचे कार्यक्रम सांगताना टीव्हीवरच्या बाईंनी आमच्या कार्यक्रमाचा उल्लेख केला, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. मी गावी कळवलं. हेडमास्तरांनी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे शाळेला आणून बसवलं. आमच्या घरी गालाभाभींपासून भटजींपर्यंत सगळे जमले.

कार्यक्रम सुरू झाला. कंदील दिसला. रांगोळी दिसली. शैला दिसली, मुलगी दिसली, चकली खाणारा कॅमेरावाल्याचा मदतनीससुद्धा दिसला. मग निवेदिका म्हणाली, "अंगाला सुगंधी उटणं लावून अभ्यंगस्नान," आणि पडद्यावर एक पाठ आली. ओणवी, तुळतुळीत, काळे ठिपके पडलेली. तिच्यावर पाणी पडलं. पाठ गेली. शुभेच्छा आल्या आणि कार्यक्रम संपला.

"तुमचं तोंड कधी येणार?" गालाभाभींच्या मुलाने विचारलं.

मी काही सांगणार तोच आई उठली. तिचे डोळे भरले होते.

"तेंचीच पाठ," ती म्हणाली. "गिरणीतसून इले की अशेच मोरीवर बसायचे. तेंका बघूक मिळाला." तिने टीव्हीपुढे एक लाडू ठेवला आणि पदर पसरून नमस्कार केला. तिचं बघून भटजींनी हात जोडले. मग गालाभाभींनी. मग सगळ्या खोलीने.

आयुष्यात एकदाच मी टीव्हीवर दिसलो, आणि तेही कैलासवासी म्हणून.